उपाशी वाकळ

पौषातले ऊन माणदेशाच्या माळावर उतरले. आधी डोंगराच्या कण्यावर उतरले, मग निंबाच्या शेंड्यावर, मग शाळूच्या दवभिजल्या पात्यांवर, आणि सगळ्यांत शेवटी अनसाक्काच्या अंगणात. सुवर्णपीत, कोवळे, धारोष्ण दुधासारखे कोमट. करडईची काटेरी फुले हलवीत वारा आला, साऱ्या गावाची कानशिले गार करून गेला, आणि वर उरले ते निखळ, निरभ्र, निळेशार आभाळ. अंगणातले सारवण अजून ओले होते.

या उन्हाची वाट पाहत अनसाक्का उंबऱ्यावर बसलेली असे. गोधडी शिवणारी बाई. पण तिकडे गोधडीला वाकळ म्हणतात, आणि वाकळ म्हटले की अनसाक्का. पिकल्या केसांचा घट्ट अंबाडा, कपाळावर गोंदणाचा हिरवा ठिपका, आणि हात असे की चिंधीलाही आपण कधीकाळी रेशीम होतो असे वाटावे. पूर्ण नाव अनसूया. जिच्या मनाला असूया शिवत नाही ती अनसूया, असे पुराणिकबुवा सांगतात. बुवांनी या बाईला पाहिले नव्हते. हिच्या पोटात एक सूड होता, आणि तो तिने बरणीतल्या लोणच्यासारखा वर्षानुवर्षे मुरवला होता.

देवळात गेल्यावर लोकांना जे सुख मिळते ते तिला गाठोडे सोडल्यावर मिळे. गावच्या बायका जुनेर आणून टाकत आणि ती एकेक वस्त्र उन्हात धरून वाचत बसे. हे खुरपणाचे लुगडे, गुडघ्याशी विरलेले. हे बाजाराचे, पाटीखाली खांद्यावर झिजलेले. हे बाळंतिणीचे, पदराला दुधाचे पिवळे डाग. फिकटलेले जांभळे, विटलेले डाळिंबी, उडालेले मोरपंखी. हळदीचे, घामाचे, चुलीच्या धुराचे वास. जग ज्यांना चिंध्या म्हणते त्यांना ती नावानिशी ओळखत असे.

कात्रीला ती हात लावत नसे. काठाला दाताने चीर पाडायची आणि मग दोन्ही हातांनी कापड सरळ फाडत न्यायचे. चर्र असा जो आवाज होई त्याने तिच्या अंगावर सुखाचा काटा येई. मग थरावर थर, आत मऊ जुनेर, वर रंगांची ठिगळे. दोऱ्याचे टोक जिभेवर ओले करायचे, दोन बोटांत पिळायचे, सुईत ओवायचे. आणि मग धावदोरा. काठाकडून आत, आत, आणखी आत, देवाला प्रदक्षिणा घालावी तसा मध्याकडे. टाक्यामागून टाका, टाक्यामागून टाका. सावली निंबाखाली गोळा होई, चुलीवरची आमटी आटून जाई, आणि शेजारीण ओरडे तेव्हा कुठे बाई भानावर येई.

फिरत फिरत टाके मध्यावर आले की तळहाताएवढी जागा उरे. ते वाकळेचे पोट. तिथले ठिगळ सगळ्यांत शेवटी बसवायचे, आणि बसवण्याआधी त्याच्याखाली भाकरीचा वाळका तुकडा आणि चिमूटभर हळद ठेवायची. भरल्या पोटाची वाकळ ऊब देते, उपाशी वाकळ माणसाची झोप खाते, असे अनसाक्काची आई म्हणायची. सुई धरायला शिकवले तेही आईनेच. अनसाक्काने आजवर एकही वाकळ उपाशी ठेवली नव्हती. कोंबड्या पळवणाऱ्या शेजारणीचीसुद्धा नाही.

त्या आईपासूनच सगळे सुरू झाले. आई अंथरुणाला खिळली, आणि जाता जाता म्हणाली, ‘माझी लुगडी अनसूला द्या. ती माझी वाकळ करंल.’ इरकली लुगडी ती, रुंद काठांची, लाल पदरांची. एक डाळिंबी, ते नेसून आईने तिला मांडीवर घेतले आणि तिच्या बोटांत पहिली सुई दिली. एक गर्द हिरवे, त्याच्या पदराआड ती बापाच्या मारापासून लपली. एक विटकरी, त्याला आईच्या अंगाचा वास शेवटपर्यंत होता. तेराव्याचे गोड जेवण झाले, पाहुणे पांगले, आणि अनसाक्काने आईची ट्रंक उघडली. ट्रंकेच्या तळाशी नुसता पत्रा होता.

धाकट्या भावाची बायको सुंद्रा परसात उभी होती. लुगडी तिने आदल्याच दिवशी बोहारणीला दिली होती आणि बदल्यात स्टीलचा हंडा घेतला होता. हंडा चुलीशेजारी बसला होता, नवा, लखलखीत, गळ्याशी पाणी आलेला, तृप्त. त्याच्या गोल पोटात अनसाक्काला स्वतःचेच तोंड दिसले, लांबट, वाकडे, भेसूर. आईचा पदर आता कुठल्या गावात कुणाच्या हातचे फडके झाला असेल, हा विचार आला आणि तिच्या छातीत जे पेटले ते पुढे विझले नाही.

‘सुंद्रे,’ ती म्हणाली, ‘ह्या घरचं पाणी माझ्या जिभंला लागायचं न्हाई.’

आणि लागले नाही. माहेर म्हटले की जाणे आलेच. भाच्यांची लग्ने आली, बारशी आली, दर भादव्यात गौरी आल्या. दर वेळी ती एस.टी. स्टँडवरच्या नळाला ओंजळ लावून पोटभर पाणी प्यायची आणि उंटासारखी माहेरी पोचायची. सुंद्रा तांब्या पुढे करी. ‘उपास हाय,’ अनसाक्का म्हणे. माणसाला इतके निर्जळी उपास नसतात, हे सुंद्रालाही कळत होते. ती तांब्या उचलून आत नेत असे.

काळ्या पाण्यासारखी वर्षे गेली. आणि या पौषात भाऊ म्हादू गाठोडे खांद्यावर टाकून आला, कट्ट्यावर टेकला, धाप टाकीत म्हणाला, ‘आक्का, सुंद्रीला आताशा थंडी सोसत न्हाई. तुझ्याच हातची वाकळ पायजे म्हंती.’

‘माझ्या हातची?’

‘दुसऱ्या कुणाची नगं म्हंती.’

अनसाक्का हसली. म्हादूला वाटले बहीण निवळली. भाऊ लोकांना असेच वाटते. तिने मनात तिथेच वाकळ मांडली होती. देखणी शिवायची, अशी की बघणाऱ्याची नजर ठरू नये, आणि उपाशी ठेवायची. ऐन थंडीत सुंद्राने कूस बदलावी, पुन्हा बदलावी, अंगावर रंगांचा मळा आणि डोळ्यांत झोपेचा टिपूस नाही. पुरे एवढे, असे तिला वाटले होते.

म्हादू गेला आणि तिने गाठोडे सोडले. सुंद्राची विरलेली पातळे निघाली, म्हादूची धोतरे निघाली, नातवंडांची झबली निघाली. आणि मध्यावर, जुनेराच्या घडीत घडी, निघाली चंद्रकळा. काळीभोर, कापूरगंधी, रक्तवर्ण काठांची. अंगभर बारीक ठिपक्यांचे नक्षत्र. उन्हात उघडताच अंगणात एक लहानशी रात्र पसरली. कुठेही विरलेली नाही, कुठेही फाटलेली नाही.

अनसाक्काने ती पाहताक्षणी ओळखली. सुंद्राच्या आईची चंद्रकळा. ती माऊली सुंद्राच्या लग्नाआधीच गेली, तेव्हा सुंद्राच्या वाट्याला एवढे एकच वस्त्र आले होते. गौरीच्या सणाला ते ट्रंकेतून निघे, उभ्या गौरीला नेसवले जाई, आणि गौरी गेल्या की कापराच्या वड्यांसकट पुन्हा आत जाई. लेकीने हट्ट केला, सुनेने केला, सुंद्राने त्यांच्या अंगाला ते कधी लागू दिले नव्हते.

चुकून आले होते, दुसरे काय. सुंद्राच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. जुनेर उपसताना हात भलत्या घडीवर पडला असणार. शिंके तुटले आणि बोक्याचे फावले. एक निरोप धाडला असता तर म्हादू धावत येऊन घेऊन गेला असता. अनसाक्काने चंद्रकळेवरून एकदा तळवा फिरवला. वस्त्र गार होते, मऊ होते, कुणाची तरी आई होते. मग तिला ट्रंकेचा पत्रा आठवला. आईच्या लुगड्यांच्या वेळी कुणी कुणाला निरोप धाडला होता?

तिने काठ दाताखाली धरला. कापराने तोंड कडू झाले. चीर पडली, दोन्ही हात दोन दिशांना गेले, आणि चर्र, चर्र, चर्र, ती रात्र मधोमध दुभंगली. निंबावरचे पाखरू उडाले. अनसाक्काच्या अंगावर काटा आला, नेहमीचाच, फक्त या वेळी तो लवकर गेला नाही.

सुडाने हात थरथरतात असे म्हणतात. म्हणणाऱ्यांनी सूड घेतलेला नसतो. तिचे हात असे कधी चालले नव्हते. टाके तांदळाच्या कण्यांएवढे, ओळ अशी की दोरी धरून आखावी. टाक्यामागून टाका. हा डाळिंबीचा. टाक्यामागून टाका. हा हिरव्याचा. हा विटकरीचा, हा विटकरीच्या वासाचा, हा त्या वासासाठी रडलेल्या दिवसांचा. चंद्रकळेच्या पट्ट्या तिने वरच्या बाजूला घेतल्या, छातीशी येतील अशा, पांघरणारीला डोळे उघडले की आधी त्याच दिसतील अशा. रोज ऊन यायचे आणि ती सुई घ्यायची. रोज ऊन जायचे आणि सुई थांबायची. इतक्या सुखात ती कित्येक वर्षांत नव्हती.

शेवटी टाके मध्यावर आले. पोट उघडे होते. सवयीने तिने भाकरीचा तुकडा मोडून मांडीशी ठेवलेलाही होता. त्याच्याकडे पाहिले, आणि न घालताच ठिगळ बसवले, कडेने शिवले, दोरा दाताने तोडला. मांडीशी राहिलेला तुकडा कावळ्याने नेला.

वाकळ न्यायला म्हादू येतो म्हणत होता, तिने नको म्हटले. तिला सुंद्राचे तोंड बघायचे होते. आईचे वस्त्र गेले की लेकीचे तोंड कसे होते, ते तिने हंड्याच्या पोटात एकदा पाहिले होते. आता ते तिला दुसऱ्याच्या मानेवर बघायचे होते. ती दुपारच्या गाडीने निघाली. स्टँडवर उतरून नळापाशी गेली, चावी फिरवली. नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला. डोक्यावर वाकळेचे ओझे, वर लख्ख ऊन, पायाखाली फुफाटा. ती तशीच कोरड्या तोंडाने माहेरच्या वाटेला लागली.

सुंद्रा दारात उन्हाला बसली होती. हाडे तेवढी उरलेली, अंगावर जाड घोंगडे, डोळ्यांत मोतीबिंदूचे धुके. ‘वन्सं, या,’ ती म्हणाली, आणि भिंतीला धरून उठली, आतून तांब्या भरून आणला.

‘उपास हाय,’ अनसाक्का म्हणाली. जीभ टाळूला चिकटत होती.

तांब्या दोघींच्या मध्ये राहिला. अनसाक्काने वाकळ सोडली आणि एका झटक्यात अंगणभर पसरली. पिवळे, तांबडे, निळे, जांभळे. माळावरच्या साऱ्या ऋतूंनी एकदम येऊन बसावे तसे अंगण भरून गेले. आणि छातीशी त्या काळ्या पट्ट्या, त्यांवर रक्तवर्ण काठ. अनसाक्काने डोळे सुंद्राच्या तोंडावर रोवले.

सुंद्राचा हात रंगांवरून चाचपडत गेला. काळ्या पट्टीवर आला. थांबला. बोटांनी काठ ओळखला, ठिपके ओळखले. ती हळूच वाकली आणि तिने त्या पट्टीला नाक लावले. अनसाक्का वाट पाहत होती. पण किंकाळी आली नाही, शिवी आली नाही. हात तिथून उठला, मध्यावर गेला, आणि सुंद्राने तिथे तळवा दाबून पाहिला. ही विद्या तिलाही सासूनेच शिकवली होती.

‘प्वाट रिकामं ठिवलंसा, वन्सं.’

अनसाक्काने वाकळेचा काठ उगाच सारखा केला.

‘ठिवशिला असं वाटलंच हुतं. पर चंद्रकळा फाडशिला का माघारी धाडशिला, त्येचा घोर हुता. फाडलीसा. बरं झालं.’

‘बरं झालं?’

‘म्याच घातली हुती गाठोड्यात. डोळं गेलं म्हणून काय झालं, आईची चंद्रकळा हाताला कळत न्हाई व्हय?’ सुंद्राने घोंगडे ओढून घेतले. आवाज चढला नव्हता, उतरलाही नव्हता. ‘सासूबाईंचं हागणं-मुतणं म्या काढलं. कूस म्या बदलली. घास म्या भरवला. आन जाताना त्येंच्या तोंडात नाव तुमचं. लुगडी तुमची. मला त्यातलं एक सूत न्हाई. लई राग आला, वन्सं. हंडा नगं हुता मला, घरात हंडं हुतं. तुमास्नी मिळू ने, एवढंच हुतं.’

वारा आला. वाकळेचा एक कोपरा उचलला गेला आणि पुन्हा पडला.

‘आता माझ्या आईची तुमी फाडलीसा. फिटलं म्हनायचं का न्हाई, ते तुमी सांगा.’

अनसाक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. सूड ओरबाडून घ्यायचा असतो. तो कुणी ताटात वाढून पुढे सरकवला की त्याची चव जाते. ज्यासाठी तिने दात लावला, ज्यासाठी कापराची कडू चव गिळली, ते सुंद्राने आपण होऊन घडी घालून पाठवले होते. आधी लुगडी नेली हिने. आता सूडही नेला. आणि वर, आईची कूस कुणी बदलली हे आजवर आपण कधी विचारलेच नाही, हेही तिच्या मनात आले, आणि त्याचाही तिला संताप आला. उठावे, चालू लागावे, पुन्हा या दारात पाऊल ठेवू नये.

पण उठायचे म्हणून तिने हात टेकला तो वाकळेवर, नेमका पोटावर. ठिगळ दबले, आत काही लागले नाही. नुसता पोकळ, भुकेला मऊपणा. वर उन्हात चंद्रकळा पडली होती, तुकड्यातुकड्यांची, निमूट. ती नेसणाऱ्या माऊलीने अनसाक्काचे काय बिघडवले होते? तिने तर अनसाक्काला कधी पाहिलेही नव्हते.

‘भाकरी आण,’ अनसाक्का म्हणाली.

सुंद्रा तिच्याकडे बघत राहिली.

‘तुझ्यासाठी न्हाई. तुझ्यामाझ्यात काय फिटल्यालं न्हाई. ही तुझी म्हातारी हितं निजलीया. तिला उपाशी ठिवून मी जायाची न्हाई.’

सुंद्रा आत गेली. अनसाक्काने कनवटीची चंची सोडून सुई काढली, मध्यावरच्या ठिगळाचे टाके एकेक उसवले. इतके बारीक टाके उसवताना जीव वर आला. आपल्याच हाताला शिव्या देत तिने ते उसवले. सुंद्राने भाकरीचा तुकडा आणला, हळद आणली. पोट उघडे झाले, तुकडा आत गेला, हळद आत गेली, वर ठिगळ बसले.

आता शिवायचे. अनसाक्काने दोऱ्याचे टोक जिभेवर धरले. जीभ कोरडी ठणठणीत. टोक पिंजारले, सुईच्या नेढ्याला अडून वाकले. पुन्हा धरले, पुन्हा पिंजारले. सूत सुटून त्याचे दोन फाटे झाले. तोंडात दोरा भिजण्याएवढीसुद्धा थुंकी नव्हती. घर सोडल्यापासून पाणी नाही, स्टँडचा नळ कोरडा, आणि हातात उघड्या पोटाची वाकळ.

सुंद्राने तांब्या बोटभर पुढे सरकवला.

अनसाक्काने तांब्याकडे पाहिले. हंड्यातलेच पाणी. तळाशी आभाळाचा निळा तुकडा हलत होता. प्यायचे नाहीच, दोरा भिजवला तर काय बिघडले, दोऱ्याने थोडीच शपथ घेतली होती. तिने टोक पाण्यात बुडवले, बाहेर काढले. आणि मग, जे बोटांनी उभा जन्म केले होते तेच बोटांनी केले. दोरा आपसूक ओठांशी गेला, जिभेवरून फिरला, दोन बोटांत पिळला गेला.

जिभेवर गार काहीतरी टेकले.

अनसाक्का दगडासारखी झाली. सुंद्राने पाहिले होते. धुक्याच्या डोळ्यांनाही ते दिसले होते. तिने मान वळवली आणि ती दारातल्या निंबाच्या शेंड्याकडे, जिथे काहीच नव्हते, तिकडे बघत बसली.

दोरा नेढ्यातून गेला. सुई आत गेली, सुई वर आली. टाक्यामागून टाका, टाक्यामागून टाका. ऊन अंगणातून निघाले, वाकळेवरून निघाले, डाळिंबीवरून, जांभळ्यावरून, काळ्या चंद्रकळेवरून हळूहळू निघाले. आणि जिभेवरचा तो थेंब अनसाक्काने तसाच धरून ठेवला, थुंकला नाही, गिळला नाही. पोट मिटत आले. मिटले. शेवटची गाठ बसली. तिने दोरा दाताने तोडला, आणि मग तोंडातले ते दोऱ्याच्या टोकाएवढे पाणी, कडू काढ्यासारखे, डोळे मिटून गिळून टाकले.